पंच्याहत्तर टक्क्यांवर बोलणारा

त्याला कुणी पाहिलेलं नाही. सर्व्हरच्या खोलीत गेलात तर पंख्यांची घरघर ऐकू येईल, हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील, एसीचा गारठा अंगाला लागेल. तो मात्र कुठंच सापडणार नाही. तो म्हणजे चार ओळींचा एक नियम. कोणत्या यंत्रावर नजर ठेवायची, कोणता आकडा मोजायचा, तो कुठवर चढला आणि किती वेळ तिथं राहिला की बोलायचं, आणि बोलायचं ते कुणाशी. एवढाच त्याचा देह. संगणक विभागातली पोरं त्याला ‘अलर्ट’ म्हणतात. ‘रात्री अलर्ट आला होता’, ‘त्या व्हीएमवर अलर्ट लावून ठेव’, आणि सगळं बिघडून गेल्यावर, खाली मान घालून, ‘तिथं अलर्टच नव्हता’.

माझ्या मते संगणकाच्या साऱ्या दुनियेत एवढं प्रामाणिक पात्र दुसरं नाही. तो स्वतः काहीच दुरुस्त करत नाही. त्याला सांगितलेलं एकच वाक्य तो ठरल्या वेळी उच्चारतो. त्याच्या हातून काय घडेल हे मात्र त्याच्यावर अवलंबून नसतं. ज्यानं त्याला जन्माला घातलं त्या माणसानं तेव्हा किती विचार केला होता, त्यावर ते ठरतं.

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत त्याला काम भरपूर आहे. दूध संघ, साखर कारखाने, सहकारी बँका, पतसंस्था, दवाखाने, महाविद्यालयं, सगळ्यांचं काम आता सर्व्हरवर चालतं. पूर्वी प्रत्येक कामाला स्वतंत्र सर्व्हर असे. हिशेबाचा वेगळा, वजनकाट्याचा वेगळा, हजेरीचा वेगळा. त्यातला एकेक दिवसभरात जेमतेम राबायचा आणि बाकी वेळ नुसती वीज खायचा. मग एकाच दणकट यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रं चालवण्याची रीत आली. हीच ती व्हीएम. प्रत्येक व्हीएमला वाटतं की आपल्याला आपला स्वतंत्र प्रोसेसर आहे, आपली रॅम आहे, आपली डिस्क आहे. प्रत्यक्षात सगळ्या एकाच शिदोरीतून जेवत असतात. अशी दोन-चार दणकट यंत्रं, म्हणजे होस्ट, एकत्र बांधली की क्लस्टर होतो, आणि एक होस्ट पडला तर त्याच्यावरच्या व्हीएम दुसऱ्यावर जाऊन पुन्हा उभ्या राहतात.

हे काही पुण्या-मुंबईपुरतं नाही. सातारा तालुक्यातल्या लिंब गोव्याच्या चितळे घराण्यातले भास्कर गणेश चितळे कृष्णाकाठच्या भिलवडीला आले, तिथं रेल्वे होती, दूध होतं, आणि 1939 साली त्यांनी तिथं डेअरी सुरू केली. त्याच डेअरीनं 2010 च्या सुमारास विश्वास चितळे यांच्या पुढाकारानं आपले सर्व्हर आभासी यंत्रांवर नेले. पलूस तालुक्यातल्या एका गावातलं हे काम संगणक क्षेत्रातल्या बड्या कंपन्यांनी पुढं आपल्या ग्राहकांना उदाहरण म्हणून दाखवलं. जनावराच्या कानात आरएफआयडी बिल्ला, त्यावरून त्या जनावराची नोंद, आणि त्या नोंदीवरून शेतकऱ्याच्या मोबाइलवर लसीचा, खुराकाचा संदेश. म्हणजे गोठ्यात पोचतो तो संदेशही आमच्या नायकाच्याच कुळातला: ठरलेली वेळ आली, ठरलेल्या माणसाला कळवलं. आता याच्या खालचा मजला पाहा. ज्या यंत्रानं शेतकऱ्याला वेळेवर सांगायचं, त्या यंत्रालाच धाप लागली तर ते कुणी कुणाला सांगायचं? त्या खालच्या मजल्यावर आमचा नायक राहतो.

या प्रांतात त्याचा एक वडीलभाऊ आहे आणि तो मात्र सगळ्यांनी पाहिलेला आहे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी मोजणारी पट्टी. संस्थानच्या काळात बांधलेला हा पूल 1929 साली खुला झाला आणि त्याला तेव्हाच्या व्हाइसरॉयचं नाव मिळालं. तिथं 40 फूट ही इशारा पातळी आहे आणि 45 फूट ही धोका पातळी. 2005 साली पाणी 53 फुटांच्या वर गेलं, 2019 साली 57 च्या वर, 2021 साली 54 च्या वर. ऑगस्ट महिन्यात सांगलीत कुणाचा फोन आला तर आधी विचारणा होते ती पाण्याची. ‘किती फुटांवर आहे?’ आणि लगेच दुसरा प्रश्न, ‘चढतंय का उतरतंय?’ सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड इथल्या माणसांना शहराच्या पट्टीवरचा कितवा फूट म्हणजे आपल्या दारातली पायरी, हे पाठ असतं. कुणी शिकवलेलं नाही. दोन-तीन पुरांनी शिकवलं.

या पट्टीकडं बघून मला आमच्या नायकाचं सगळं शास्त्र कळलं असं वाटतं. 40 फुटांना सांगली बुडत नाही. त्या पातळीला नदी बरीचशी आपल्या पात्रातच असते, बाजार चालू असतो, शाळा भरलेल्या असतात. मग 40 लाच का बोलायचं? कारण जनावरं हलवायला वेळ लागतो. म्हातारी माणसं, धान्याची पोती, दुकानातला माल, शेतातल्या मोटारी यांना वेळ लागतो. 40 आणि 45 यांच्यामध्ये जे पाच फूट सोडलेत ते माणसांना हलायला मिळावेत म्हणून. ज्यांनी ही पातळी ठरवली त्यांनी नदीइतकाच माणसांच्या हालचालीचा वेग मोजला असणार.

आता आमच्या नायकाकडं वळा. व्हीएमवेअरसारख्या, आभासी यंत्रं चालवणाऱ्या प्रणालीत तो जन्मतःच काही आकडे घेऊन येतो. व्हीएमचा प्रोसेसर सलग पाच मिनिटं 75 टक्क्यांच्या वर राहिला की पिवळा, 90 च्या वर राहिला की लाल. साठवणीची जागा 75 टक्के भरली की पिवळा, 85 ला लाल. होस्टची मेमरी 90 ला पिवळी, 95 ला लाल. हे आकडे वाईट नाहीत. पण ते साऱ्या जगासाठी एकदाच ठरवलेले आहेत. बहुतेक ठिकाणी ते तसेच राहतात, कारण क्लस्टर बसवून देणारा माणूस निघून गेला की त्यांना हात लावायचं कुणाच्या मनात येत नाही. मला हे आयर्विन पुलाची पट्टी कऱ्हाडात नेऊन रोवण्यासारखं वाटतं. फूट तेच असतील, पण त्या फुटांना कऱ्हाडात काही अर्थ उरणार नाही.

उदाहरण घ्या डिस्कचं. डिस्क हे या संसारातलं सगळ्यात संथ आणि सगळ्यात निष्ठुर अंग. प्रोसेसर क्षणात 100 वर जातो, क्षणात 10 वर येतो. त्याच्या चढण्याउतरण्यानं लगेच कुणाचं काही बिघडत नाही. डिस्क मात्र रोज थोडी थोडी भरत जाते आणि 100 झाली की तिथून पुढं एक अक्षरही लिहिलं जात नाही. त्यात व्हीएमना डिस्क देताना हात सैल सोडलेला असतो. प्रत्येकीला कागदावर भरपूर जागा, प्रत्यक्षात जेवढं लिहील तेवढीच खर्च. सगळ्यांच्या कागदावरच्या जागेची बेरीज खऱ्या जागेपेक्षा मोठी असते, आणि रोजच्या दिवसाला त्यानं काही अडत नाही. खरी साठवण संपते त्या दिवशी मात्र एक नाही, तिच्यावरच्या नवी जागा मागणाऱ्या सगळ्या व्हीएम थांबतात. एखादी सुधारणा करण्याआधी घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती, काढायचा राहून गेला, तर तोही आतल्या आत फुगत राहतो.

समजा साठवण 75 टक्क्यांवर आली आणि तो बोलला. उरले 25 टक्के. रोज दोन टक्के भरत असेल तर हाताशी बारा दिवस आहेत. तासाला दोन टक्के भरत असेल तर बारा तास. आकडा एकच, पण एका वेळी तो ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतोय आणि दुसऱ्या वेळी ‘आज घरी जाऊ नकोस’ म्हणतोय. म्हणून सांगलीकरांचा तो दुसरा प्रश्न, चढतंय का उतरतंय, त्यालाही शिकवावा लागतो. आजच्या प्रणाल्यांना हे येतं. 2012 साली साउंडक्लाउड कंपनीत सुरू झालेल्या आणि आता जगभर फुकट वापरल्या जाणाऱ्या प्रोमिथियसमध्ये मागच्या काही तासांच्या वेगावरून पुढं डिस्क कधी भरेल याचा अंदाज काढता येतो आणि ‘चार दिवसांत भरणार असेल तर आत्ताच सांग’ असा नियम लिहिता येतो. मला हा नियम 75 च्या आकड्यापेक्षा कितीतरी शहाणा वाटतो.

पण चारच दिवस का? इथं आमच्याकडची खरी परिस्थिती धरावी लागते. सहकारी संस्थेत नवीन डिस्क घ्यायची तर आधी टिपण, मग तीन कोटेशनं, मग खरेदी समिती, मग संचालक मंडळाची सभा, मग ऑर्डर, आणि माल पुण्या-मुंबईहून यायचा. या सगळ्याला महिना सहज जातो. ही पद्धत सभासदांच्या पैशाची काळजी म्हणून आहे आणि ती असलीच पाहिजे. मग अलर्टनं या पद्धतीचा वेळ धरून बोलायला हवं. ज्या संस्थेत डिस्क यायला पाच आठवडे लागतात, तिथं तो सहा आठवडे आधी बोलला पाहिजे, मग त्या दिवशी आकडा 60 का असेना. संगणक विभागातल्या माणसानं अलर्ट लावण्याआधी खरेदी विभागातल्या माणसाशेजारी बसून चहा घ्यावा, असं मी म्हणतो ते याचसाठी. थ्रेशोल्डचा, म्हणजे कुठं पोचलं की बोलायचं त्याचा, आकडा त्या टेबलावर मिळतो.

त्याला दिवसाचा आणि वर्षाचा ठोकाही कळावा लागतो. दुधाच्या धंद्यात सकाळी आणि संध्याकाळी संकलन असतं. गावोगावच्या केंद्रांवर लिटर, फॅट, एसएनएफ यांच्या नोंदी एकाच दोन-तीन तासांत उसळतात. दर दहा दिवसांनी बिलं निघतात, त्या रात्री डेटाबेसची व्हीएम घामाघूम असते. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की वजनकाटा चोवीस तास चालतो, आणि हंगाम संपला की तीच व्हीएम पुढचा हंगाम येईपर्यंत निवांत. सकाळी सातला 85 टक्के हे तिचं धडधाकट काम आहे. रात्री दोनला तेच 85 टक्के म्हणजे कुणीतरी नको ते चालवतंय, किंवा एखादी प्रक्रिया गोल गोल फिरत राहिली आहे. ज्याला हा फरक शिकवलेला नाही तो रोज सकाळी सातला ओरडतो, आणि रात्री दोनला ओरडतो तेव्हा त्याच्याकडं कुणी बघत नाही.

पाच मिनिटांचा जो धीर त्याला दिलेला असतो, तो त्याच्या स्वभावातला मला आवडणारा भाग. एका क्षणाच्या उसळीवर तो बोलत नाही. आकडा वर गेला की तो आधी मनाशी नोंद घेतो, थांबतो, पुन्हा बघतो, पुन्हा बघतो. पाच मिनिटं आकडा खाली आला नाही तरच तोंड उघडतो. आणि समजूतदारपणे लावलेला असेल तर 75 ला बोलल्यावर 74 ला लगेच ‘सगळं ठीक’ म्हणत नाही. 70 च्या खाली जाईपर्यंत गप्प बसतो. नाहीतर 74 आणि 76 यांच्यामध्ये आकडा लोंबकळत राहिला तर रात्रभर ‘वाढलं’, ‘ठीक’, ‘वाढलं’, ‘ठीक’ असे संदेश येत राहतात आणि पहाटेपर्यंत माणूस फोन उशीखाली दाबतो.

आता त्याच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट. तीन होस्टचा क्लस्टर घ्या. प्रत्येक होस्टची मेमरी 70 टक्के वापरात आहे. एकेका होस्टवरचा अलर्ट शांत आहे, आणि त्याचं बरोबरच आहे. त्याला 90 ला बोलायला सांगितलंय. पण बेरीज करा. तीन सत्तर म्हणजे 210. उद्या एक होस्ट बंद पडला तर उरलेल्या दोघांची मिळून ताकद 200 आहे. एका होस्टच्या दहा टक्के मेमरीइतक्या व्हीएमना उठायला जागाच नाही. ज्या कारणासाठी क्लस्टर घेतला, ज्यासाठी संचालक मंडळापुढं एवढा खर्च मांडला, ते कारणच आज सकाळपासून संपलेलं आहे, आणि पडद्यावर सगळं हिरवं आहे. तीन होस्टच्या क्लस्टरला 66 टक्के ही खरी रेघ. ती कुठल्याही एका होस्टच्या अंगावर काढता येत नाही. ती सगळ्यांच्या बेरजेवरच काढावी लागते.

सातारा आणि सांगलीला हे समजावून सांगावं लागू नये. पाटण तालुक्यातलं कोयना 105.25 टीएमसीचं. वाईजवळचं धोम, वेण्णेवरचं कण्हेर, उरमोडी, तारळी. शिराळा तालुक्याच्या डोक्यावर वारणेचं चांदोली, 34.40 टीएमसीचं. प्रत्येक धरणावर आपापला अभियंता, आपापली नोंदवही, आपापली पाणी सोडण्याची नियमावली असते आणि प्रत्येकजण आपल्या धरणापुरता बरोबर असू शकतो. कोयना कऱ्हाडला कृष्णेत मिसळते, येरळा ब्रह्मनाळपाशी येते, वारणा सांगलीच्या पुढं हरिपूरला. सगळ्यांच्या बेरजेचा परिणाम दिसतो तो आयर्विन पुलापाशी. साताऱ्यात पडलेल्या पावसाचा हिशेब सांगलीत चुकता होतो. त्यामुळंच जलसंपदा विभागानं कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी पावसाचे आणि पाण्याचे आकडे जागच्या जागी टिपून एका ठिकाणी आणणारी यंत्रणा उभी केली, आणि 2019 च्या महापुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून सबंध खोऱ्याचा एकत्र विचार करावा लागला. क्लस्टर सांभाळणाऱ्याला या सगळ्यातून घेण्यासारखं एवढंच, की एकेका यंत्रावरचा अलर्ट लावून झाला म्हणजे काम अर्धंच झालं.

आणखी एक गोष्ट या नदीपाशी शिकण्यासारखी आहे. सांगलीत पाणी चढतं ते नेहमी वरून सोडलं म्हणूनच चढतं असं नाही. खाली हरिपूरला वारणा भरून आली की कृष्णेला पुढं सरकायला वाव राहत नाही आणि पाणी मागं फुगतं. पट्टी दोन्ही वेळेला तेच फूट दाखवते. व्हीएमचंही असंच होतं. लोड वाढला म्हणून अलर्ट येतो, आणि पाहावं तर प्रोसेसर जवळजवळ रिकामा. कामं खोळंबली आहेत ती पुढं, डिस्ककडं. साठवण संथ झाली म्हणून सगळी रांग मागं तुंबली आहे. किंवा उलट, व्हीएम आतून बघितली तर निवांत दिसते आणि तरी वापरणाऱ्याला सगळं हळू चालतंय असं वाटतं. कारण होस्टवर दाटी इतकी, की तिला प्रोसेसरवर चढायची पाळीच वेळेवर मिळत नाही. अशा वेळी तिला आणखी प्रोसेसर देणं म्हणजे दाटीत भर. म्हणून अलर्टच्या संदेशात आकड्याबरोबर बाजूचे दोन-तीन आकडेही लिहून ठेवावेत. अर्धवट झोपेतल्या माणसाला पहिली पाच मिनिटं कुठं बघायचं ते त्यामुळं कळतं.

आणि त्याला गर्दी सोसत नाही. 24 जुलै 1994 ला वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्याआधीच्या साधारण अकरा मिनिटांत नियंत्रण कक्षातल्या दोन माणसांसमोर 275 इशारे आले होते. त्यातला प्रत्येक इशारा आपल्या जागी खरा असेल. पण अकरा मिनिटांत 275 खऱ्या गोष्टी ऐकण्याची ताकद माणसात नसते. ज्या क्लस्टरवर शंभर व्हीएम आहेत आणि प्रत्येकीवर पाच अलर्ट आहेत तिथं एक होस्ट पडला की हेच घडतं. होस्ट पडल्याचा एक संदेश आणि त्याच्यावरच्या व्हीएम पडल्याचे तीस-चाळीस. त्यातला महत्त्वाचा तो एकच, आणि तो कुठंतरी मध्ये दबलेला. मोठा अलर्ट वाजत असेल तेव्हा त्याच्यापायी होणाऱ्या लहानांना गप्प ठेवण्याची सोय आता सगळीकडं आहे, ती वापरावी. माझी स्वतःची कसोटी साधी आहे: जो अलर्ट आल्यावर कुणालाही उठून काहीही करायचं नसतं, तो अलर्ट नाही. त्याला आलेखात जागा द्या, साप्ताहिक अहवालात द्या. फोनवर नको.

त्याच्या दुःखाची एक बाजू मात्र यंत्रातली नाही. तो बोलतो आणि ऐकायला कुणी नसतं. अलर्ट लावला तेव्हा ज्याचा पत्ता दिला तो माणूस पुढं नोकरी सोडून गेला. त्याच्या ईमेलच्या पेटीत इशारे रोज पडत राहिले, ओळीनं, तारीखवार. डिस्क भरली, काम थांबलं, चौकशी झाली, आणि ती पेटी उघडली तेव्हा सगळं तिथं लिहिलेलं होतं. असं अनेक ठिकाणी घडलंय. तिथं कुणाला दोष द्यायचा? निदान अलर्टला तरी देता येत नाही. म्हणून नावावर अलर्ट लावू नये, जबाबदारीवर लावावा. आणि पहिल्या माणसानं पंधरा मिनिटांत ‘पाहिलं’ असं कळवलं नाही तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला जाईल अशी साखळी ठेवावी. तालुक्याच्या गावात संगणक विभागात एकच पोरगा असतो, हे मला माहीत आहे. मग दुसरं नाव सुरक्षारक्षकाचं लिहा, रात्रपाळीच्या पर्यवेक्षकाचं लिहा. त्याला दुरुस्ती येत नसली तरी फोन करून उठवता येतं.

त्याचा मृत्यूही त्याच्यासारखाच, कुणाला न कळता होतो. तो जिवंत असताना आणि सगळं ठीक असताना गप्प असतो. तो मेला तरी गप्पच असतो. या दोन शांततांमध्ये बाहेरून काही फरक दिसत नाही. यावर लोकांनी उपाय काढलाय तो मला फार आवडतो. एक अलर्ट असा लावायचा की जो कायम वाजत राहील, आणि दूर बसलेल्या दुसऱ्या एका यंत्राला सांगायचं, ‘याचा आवाज थांबला तर मला उठव.’ ते दुसरं यंत्र मात्र खरंच दूर हवं. ज्या क्लस्टरवर नजर ठेवायची त्याच क्लस्टरच्या एका व्हीएमवर अलर्टची सगळी यंत्रणा बसवलेली मी पुष्कळ ठिकाणी पाहतो. क्लस्टर आजारी पडला की पहारेकरीही त्याच्याबरोबर पडतो. आणि कृष्णाकाठच्या माणसानं तर ‘दूर’ हा शब्द नकाशावर मोजावा. 2019 मध्ये सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता, भिलवडीसारखी गावं पाण्यानं वेढली होती, ब्रह्मनाळला माणसांना पुरातून बाहेर काढणारी नाव उलटून जीव गेले. त्या आठवड्यात तळमजल्यावरच्या सर्व्हर खोलीला कुठला अर्थ होता? नजर ठेवणारं यंत्र साताऱ्यात ठेवा, पुण्यात ठेवा, क्लाउडवर ठेवा. आपल्याच पूररेषेच्या आत ठेवू नका.

हे सगळं लिहून झालं तरी त्याचा स्वभाव पुरता कळतो तो त्याला वाजवून बघितल्यावरच. तुमच्या संस्थेत क्लस्टर असेल तर गळीत हंगाम सुरू होण्याआधी, किंवा पावसाळ्याआधी, एक दिवस धरा. कामाचा दिवस धरा, सगळे जागेवर असतील अशी दुपारची वेळ धरा. एक रिकामी व्हीएम घ्या, तिच्या डिस्कवर मुद्दाम मोठी फाइल टाकून ती 75 च्या वर न्या, आणि घड्याळ लावून बसा. संदेश किती वेळात आला, कुणाच्या फोनवर आला, त्यानं वाचून काय केलं, हे वहीत लिहा. मग ज्याच्याकडं तो गेला त्याला विचारा, हाच संदेश रात्री दोनला आला असता तर तू कुणाला उठवलं असतंस. तो एक क्षण जरी अडखळला, तरी त्याच दिवशी, घरी जायच्या आधी, ते नाव ठरवून नियमात लिहा.